जुन्या झाडाची राखण



जून आला की आपण सगळ्या रोपं लावतो. खड्डा खणतो, माती लोटतो, फोटो काढतो. आज आम्ही त्याबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते आधीपासून उभ्या असलेल्या झाडांबद्दल. वेशीवरची चिंच, देवळापुढचा वड, आजेसासऱ्यांनी लावलेला आंबा. ही झाडं मोठी झाली, आता त्यांना काही लागत नाही, असं आपण धरून चालतो. आम्हीही तसंच धरून चाललो होतो.

आधी आमची चूक सांगतो. भिवंडी तालुक्यातल्या आमच्या गावाच्या तोंडाशी एक रायवळ आंबा होता. एका उन्हाळ्यात एक लाकूडवाला आला. म्हणाला, "फांद्या विजेच्या तारेला लागतात. पावसाच्या आधी मी सगळं फुकटात साफ करून देतो. लाकूड तेवढं मी नेतो." आम्हाला वाटलं, बरं झालं, गावाचा खर्च वाचला. त्याला चहाही आम्हीच दिला. त्यानं रस्त्याच्या बाजूच्या मांडीएवढ्या जाड फांद्या एकेक करून उडवल्या. तारेला लागणारी बारीक डहाळी तशीच राहिली. संध्याकाळी टेम्पो भरून निघून गेला.

दोन पावसाळे गेले. जिथे फांद्या कापल्या होत्या तिथे पाणी मुरलं. बुंध्याशी अळंबी उगवली. आम्ही बघितली, पण ती काय सांगते ते आम्हाला कळलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री झाड उरलेल्या भाराच्या बाजूला कोसळलं. खाली पिठाच्या गिरणीची शेड होती. दिवसा तिथे आपणच दळण घेऊन रांगेत उभ्या असतो. रात्र होती म्हणून कुणाचा जीव गेला नाही.

त्यानंतर आम्ही गटात एक प्रश्न घेऊन बसलो. फांद्या तर पूर्वीही तोडत होते. मग पूर्वीची झाडं शंभर-शंभर वर्षं कशी टिकली, आणि आमचा आंबा तीन पावसाळ्यांत कसा गेला? उत्तर शोधताना जुना इतिहास वाचला, गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारलं. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगतो.

खाडीतली जहाजं

आज भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि गोदामं डोळ्यांपुढे येतात. पण भिवंडी हे खाडीकाठचं गाव आहे. कामवारी नदी इथे खाडीला मिळते, आणि खाडीतून वसईपर्यंत, पुढे समुद्रापर्यंत वाट जाते. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी आदिलशाहीकडून घेतली. महाराजांच्या आरमाराची सुरुवात याच भागातल्या खाडीत झाली. पुढच्या एक-दोन वर्षांत इथे जहाजं बांधली जात होती, आणि त्या कामावर रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज जाणकार आणि त्याच्या हाताखालची माणसं होती. पोर्तुगीजांच्या कागदपत्रांतही या जहाजांची काळजी दिसते.

जहाज म्हणजे लाकूड. सागाचं तर लागतंच, पण आंबा-फणसासारख्या जुन्या, जाड झाडांचं लाकूडही कामाला येतं. राजाला आरमार उभारायचं आहे आणि रयतेच्या परसात आंबा उभा आहे. अशा वेळी काय करायचं, याचं उत्तर आज्ञापत्र नावाच्या ग्रंथात मिळतं. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेला हा राजनीतीचा ग्रंथ आहे. त्यातला झाडांविषयीचा भाग मोबाइलवर 'महाराजांचं पत्र' म्हणून फिरतो. पण तो मजकूर अमात्यांच्या आज्ञापत्रातला आहे. महाराजांच्या राज्यकारभाराची शिस्त त्यात उतरली आहे असं मानलं जातं.

त्यात सांगितलंय ते आपल्या शब्दांत असं. आरमारासाठी साग वगैरे लागेल तो हुजूरची परवानगी घेऊन तोडावा. आंबा, फणस यांचं लाकूडही उपयोगी आहे, पण त्यांना हात लावू देऊ नये. कारण ही झाडं एका-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर लोकांच्या दुःखाला पारावार राहत नाही, आणि लोकांना दुःख देऊन केलेलं काम टिकत नाही. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याचं समाधान करून मगच ते न्यावं. जबरदस्ती बिलकूल करू नये.

आम्ही हे गटात वाचलं तेव्हा तीन गोष्टी लिहून काढल्या. झाड खरंच जीर्ण आहे का ते आधी बघायचं. धन्याला विचारायचं. आणि पैसे मोजायचे. आमच्या आंब्याच्या वेळी यातलं एकही झालं नव्हतं. झाड धडधाकट होतं, गावाला कुणी विचारलं नाही, आणि पैसे मोजायचे सोडून आम्हीच लाकूड देऊन मोकळे झालो.

राबाच्या फांद्या

दुसरी गोष्ट आमच्या आज्यांनी सांगितली. ती राबाची.

आपल्या ठाणे जिल्ह्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजायची रीत आहे. उन्हाळ्यात वरकस जमिनीवरच्या, जंगलातल्या झाडांच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या. मग रोपाच्या जागेवर शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत, वरून माती असे थर लावून पेटवायचं. त्यानं जमीन तापते, तणाचं बी मरतं, राख मिळते, आणि पाऊस पडला की रोप जोमानं येतं. झाडावर चढायचे पुरुष. फांद्या गोळा करणं, मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहणं, थर लावणं हे मात्र बायांचं काम. आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "अख्खा उन्हाळा डोक्यावर ऐनाचा भारा असायचा."

ऐनाचं झाड राबासाठी आवडीचं. फांदी तोडली की त्याच जागी पुन्हा फुटतं. पण त्याच आजींनी पुढे सांगितलं की तोडताना मनगटाएवढीच फांदी घ्यायची. शेंडा ठेवायचा. यंदा ज्या झाडाच्या फांद्या घेतल्या त्याला पुढची काही वर्षं हात लावायचा नाही. आम्ही विचारलं, हे कुणी शिकवलं? त्या म्हणाल्या, "शिकवायचं काय त्यात? झाड मेलं तर पुढच्या उन्हाळ्यात राब कशाचा भाजणार?"

आमच्या प्रश्नाचं उत्तर याच वाक्यात होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

राबाची सगळीच बाजू चांगली होती असं नाही. वस्ती वाढली, जंगल कमी झालं, तशी पुन्हापुन्हा तोडून नुसत्या खांबासारखी उरलेली झाडंही ठाणे जिल्ह्यानं पाहिली आहेत. पण फांदी तोडणाऱ्याला तेच झाड पुन्हा लागणार होतं, तोवर त्याचा हात आपोआप आवरत होता.

झाडाचा धनी बदलला

मग काळ बदलला. मुंबई वाढली. तिच्या गोद्यांना सागवान हवं होतं, घरांना वासे हवे होते, चुलींना सरपण आणि कोळसा हवा होता. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. रुळांखाली लाकडी स्लीपर लागत. आपल्या भागातलं लाकूड खाडीतून, गाडीवाटेनं आणि मग रेल्वेनं मुंबईकडे जाऊ लागलं.

जंगल संपत चाललंय हे इंग्रज सरकारलाही दिसत होतं. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांना पहिले वनसंरक्षक नेमलं गेलं. १८७८ चा वन कायदा आला आणि मोठाली जंगलं राखीव झाली. कालपर्यंत जिथे फांद्या तोडत होतो तिथे आज शिरलो तर गुन्हा, अशी पाळी शेतकऱ्यांवर आणि आदिवासींवर आली. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा आसूड' लिहिला, त्यातही या नव्या जंगलखात्यानं शेतकऱ्याचं चराऊ रान कसं घेतलं त्यावर कोरडे ओढले आहेत.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर असंतोष इतका वाढला की सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. या आयोगापुढे मोठा वाद होता तो राबाचा. अधिकारी म्हणत, फांद्या तोडून लोक झाडं मारतात. शेतकरी म्हणत, फांदी नाही तर राब नाही, राब नाही तर भात नाही. राब पुढेही चालू राहिला, आजही काही गावांत भाजतात. पण एक गोष्ट कायमची बदलली. झाडाचा धनी बदलला. लाकूड तोडायचा ठेका ठेकेदाराला मिळू लागला. ठेकेदाराला झाड एकदाच लागतं. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या डोंगरावर असतो.

आमच्या आंब्याच्या फांद्या तोडणारा लाकूडवाला वाईट माणूस होता असं आम्ही म्हणत नाही. त्याची मजुरी लाकडात होती. बारीक डहाळी कापून त्याला काय मिळणार? जाड फांदी कापली तरच त्याचा टेम्पो भरणार. मजुरी लाकडात ठरवली की झाड जास्त कापलं जाणार, हे आम्ही आधीच ओळखायला हवं होतं.

कायदा काय म्हणतो

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात झाडांसाठी दोन कायदे आले. ते दोन्ही आपल्याला माहीत हवेत, कारण भिवंडी शहराला एक लागतो आणि आपल्या गावांना दुसरा.

गावाकडे लागतो तो १९६४ चा झाडतोडीचं नियमन करणारा कायदा. त्यात झाडांची यादी आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, साग, खैर, चंदन, खाडीतली तिवरं अशी झाडं त्यात येतात. ही झाडं आपल्या स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आम्हाला नवल वाटलं ते याचं की आपण ज्याला फेऱ्या घालतो तो वड, आणि पिंपळ, या यादीत नाहीत. म्हणून गावातल्या वड-पिंपळांसाठी ग्रामसभेत ठराव करून ठेवणं आपल्याच हातात आहे.

शहरात लागतो तो १९७५ चा कायदा. त्यात वृक्ष प्राधिकरण असतं, दर पाच वर्षांनी झाडांची मोजणी करायची असते, आणि झाड तोडायचं असेल तर झाडावर नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवायच्या असतात. या कायद्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं मुळासकट पाडणं नाही. जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही त्यात धरलं आहे. २०२१ मध्ये यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' मानायचं ठरलं. आणि झाड तोडलंच, तर त्याचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची.

कायद्याचा आधार मोठा आहे. पण परवानगीचा कागद फांदी कशी कापायची ते सांगत नाही. ते आपल्यालाच शिकून घ्यावं लागतं.

फांदी कशी कापायची

अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं उभी-आडवी चिरून आतून पाहिली. त्यांनी दाखवून दिलं की माणसाची जखम जशी भरून येते तशी झाडाची येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि बाहेरून नवी साल चढवतं. जखम लहान असेल तर भिंत लवकर बंद होते. मांडीएवढी असेल तर बंद व्हायच्या आधीच कुज आत शिरते. आजी मनगटाएवढी फांदी घ्यायला सांगत होत्या, त्यामागचं कारण हेच.

आता कामाच्या गोष्टी सांगतो. लिहून घ्या.

फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी दिसते. झाडाची भिंत तिथूनच उभी राहते. ती वळी कापायची नाही, आणि तिच्यापुढे लांब खुंटही ठेवायचा नाही. वळीच्या जरा बाहेर कापायचं.

मोठी फांदी तीन वेळा कापायची. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूनं, अर्ध्याहून कमी. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी पडते, पण खोडाची साल सोलत नेत नाही. मग उरलेला खुंट वळीजवळ नीट कापायचा. कोयत्याचे घाव घालू नयेत, करवत वापरावी.

एका वेळी झाडाचा पाव हिस्सा हिरवा भार, याहून जास्त काढू नये. म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहूनही कमी. एकाच बाजूचा सगळा भार काढला तर काय होतं ते आमच्या गिरणीच्या शेडनं पाहिलंय. शेंडा उडवू नये. मोठी कापाकापी ऐन पावसात करू नये. कापलेल्या जागी डांबर फासलं म्हणून कुज थांबत नाही. पोकळ खोडात सिमेंट भरू नये. पोकळ झाड म्हणजे मेलेलं झाड नव्हे. झाडाचा जिवंत भाग सालीखाली असतो.

मुळांकडेही बघा. मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर पसरतात. पाइपलाइनचा चर बुंध्याजवळून गेला की झाडाचा एका बाजूचा आधार तुटतो. पार बांधताना बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं तर पाणी आणि हवा आत जात नाही. दिल्लीत २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं झाडांभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमधून मोकळी करायला सांगितलं होतं. आपल्या पाराला आपण एवढी जागा सोडू शकतो.

आणि काही खुणा ओळखायला शिका. बुंध्याशी अळंबी, एका बाजूला माती उचललेली, झाड अचानक कललेलं, आंब्याच्या खोडाशी भिरुडाचा भुसा, फांद्यांवर बांडगुळांचे झुपके. यातलं काही दिसलं तर पावसाची वाट बघू नका. जाणकाराला बोलवा. खाली दळणाची रांग असेल, शाळेचा रस्ता असेल, तर तो आधी बंद करा. कधीकधी झाड खरंच उतरवावं लागतं. तेव्हाही आज्ञापत्रातली रीत पाळायची. आधी पारखायचं, विचारायचं, मग तोडायचं.

मजुरी पैशात

आम्ही आता काय करतो ते सांगून थांबतो. गावातल्या मोठ्या झाडांची एक वही केली आहे. झाड कुठलं, अंदाजे किती वर्षांचं, कुणाच्या जागेत, शेवटची फांदी कधी आणि का तोडली, एवढंच त्यात लिहितो. दर वर्षी एप्रिलमध्ये चार-पाच जणी फिरून बघतात. फांदी तोडायची तर आधी खडूनं खूण करतो, गावासमोर ठरवतो, आणि झाडावर चढणाऱ्याला रोजच्या मजुरीनं पैसे देतो. लाकूड गावात राहतं. पहिल्या वर्षी पैशांवरून कुरकुर झाली. "फुकटात होत होतं की," असं म्हणणारे होतेच. आम्ही त्यांना गिरणीच्या पत्र्यांचा खर्च सांगितला.

आपल्या भागात झाडावर सराईतपणे चढणारी माणसं अजून आहेत, कातकरी, ठाकूर, वारली वस्त्यांमध्ये. त्यांच्या अंगात कसब आहे. त्याला चांगला दोर, हेल्मेट आणि कापण्याची नवी रीत यांची जोड मिळाली तर हा नेहमीचा रोजगार होऊ शकतो. केरळमध्ये नारळ विकास मंडळानं २०११ मध्ये नारळावर यंत्रानं चढण्याचं प्रशिक्षण सुरू केलं, तेव्हा बायकाही ते शिकल्या. आपल्या गटांनी असं प्रशिक्षण मागायला काय हरकत आहे?

येत्या वटपौर्णिमेला आम्ही वडाला सूत गुंडाळूच. पण त्याच दिवशी खोडात ठोकलेले खिळे काढणार आहोत, फांद्यांना आवळून बसलेल्या दिव्यांच्या माळा सोडवणार आहोत, आणि पाराचं बुंध्याजवळचं काँक्रीट फोडणार आहोत. बाजारातून वडाची तोडलेली फांदी आणून पुजायची नाही, हेही आम्ही ठरवलंय. तुमच्या गावात पूजेला जमाल तेव्हा झाडाभोवती आणखी एक फेरी घाला, वर फांद्यांकडे आणि खाली मुळांकडे बघत. जे दिसेल ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी त्याबद्दल बोलू.